बाबांच्या झग्यातल्या मुंग्या

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. मंचावर दारूचा पेला, साखर मोजायचं यंत्र आणि मधोमध अर्कबाबा. त्यांचं म्हणणं असं, की मधुमेही माणसाने सकाळपासून उपाशी राहावं, साखर उतरवणारी आपली रोजची गोळी घ्यावी आणि दारूत त्यांच्या अर्काचे थेंब टाकून बिनघोर प्यावं. थेंब पडले की दारू रक्तातली साखर फस्त करते. बाबा स्वतः मधुमेही. भक्तांसोबत तेही गोळी घेऊन प्यायचे, बोट टोचून घ्यायचे आणि आकडा उतरला की टाळ्या. पथ्य मोडायला आशीर्वाद मिळत असेल, तर गर्दी का होणार नाही?

मी शिंपी. बाबांचे झगे माझ्याकडेच शिवले जात. त्यांचं अध्यात्म मला ठाऊक नाही, पण कंबर ठाऊक आहे.

आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंचा नवरा वर्षापूर्वी असाच उपाशीपोटी अर्काची दारू पिऊन निघाला आणि बसथांब्याच्या बाकावर घामाघूम होऊन बरळू लागला. चढलीय, उतरली की उठेल, म्हणत लोक घरी गेले. तो उठला नाही. बाबा म्हणाले, त्याची श्रद्धा कमी पडली. आणि आता बाईंचा दीर पहिल्या रांगेत बसू लागला होता. त्यालाही साखर, त्यालाही बाटलीची ओढ. बाईंनी समजावलं, तर वहिनीचं डोकं दुःखाने फिरलंय म्हणाला.

एकदा बाई दुकानात आल्या, तेव्हा बाबांचा झगा दुरुस्तीला उलटा पडला होता आणि त्यावर मुंग्यांची रांग लागली होती. मी सांगितलं, आत छातीशी खोल खिसा आहे, त्यात खडीसाखरेचा चुरा सांडलाय. बाईंनी वाकून खिशात बोट घातलं.

"म्हणजे आकडा उतरला की बाबा डोळे मिटून ओठ हलवतात तो जप नाही. चघळणं आहे."

मग शांतपणे म्हणाल्या, "भाऊ, भक्तांतर्फे एक नवा झगा शिवा. हुबेहूब. फक्त खिसा नको."

इतक्या आनंदाने मी आयुष्यात कापड कापलं नव्हतं.

पुढच्या सभेत बाईंनी मंचावर बाबांचा जुना झगा उतरवून तो नवा त्यांच्या अंगावर चढवला. इतक्या लोकांसमोर नाही कसं म्हणणार? गोळी झाली, पेले रिकामे झाले. बाईंनी ओळखीच्या डॉक्टरीणबाईंना यंत्राशी बसवलं होतं. दुपार कलली तसा बाबांचा हात छातीशी गेला. चाचपला. पुन्हा गेला. कपाळावर घाम फुटला. जरा आत जाऊन येतो, असं ते पुटपुटले.

"इथेच जप करा ना, बाबा," बाई म्हणाल्या.

आकडा आणखी घसरला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाबांचे हात थरथरू लागले, जीभ अडखळू लागली. दीर हसला, "चढली वाटतं बाबांना."

बाई त्याच्याकडे वळल्या. "तुझ्या दादालाही अशीच चढली होती."

टाळ्या थांबल्या. बाईंच्या हातात साखरपाण्याचा पेला होता. "आधी बोला. थेंबांत काय असतं?"

"पाणी… रंग."

"आणि जुन्या झग्याच्या खिशात?"

"खडीसाखर… द्या हो."

डॉक्टरीणबाई उठून उभ्या राहिल्या, तेव्हा कुठे बाईंनी पेला बाबाच्या ओठांना लावला. क्षणभर उशीर त्यांनी मुद्दाम केला, आणि मी त्यांना दोष देणार नाही.

मग डॉक्टरीणबाईंनी उलगडून सांगितलं. उपाशी माणसाला यकृत साखर पुरवतं. दारू आली की ते तिच्यात गुंततं आणि पुरवठा आटतो. वरून गोळी साखर उतरवतच असते. आकडा थेंबांशिवायही पडतो, आणि पुढे माणूसही. दिराने अर्काची बाटली मोरीत ओतली आणि वहिनीसमोर मान खाली घालून उभा राहिला. बाबा पोलिसांच्या गाडीत बसला, तोही माझ्याच झग्यात.

मधुमेह असेल तर न पिणंच बरं. प्यायचीच असेल तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारा, जेवून थोडीच घ्या, झोपण्याआधी साखर तपासा आणि सोबतच्याला आजार सांगून ठेवा. कोणी घामाघूम होऊन बरळत असेल, तर शुद्धीत असताना साखर द्या. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही न घालता दवाखान्यात न्या. चढलीय म्हणत त्याला सोडून घरी तेवढं जाऊ नका.