खिडकीकडची खाट

सत्तावन्न सालच्या फ्ल्यूच्या साथीत आमच्या पिंपरीच्या दवाखान्यात पुण्याहून एक डॉक्टर संशोधनाला आले. खिडकीकडच्या खाटांना नवी सुई, भिंतीकडच्यांना नेहमीची. कोण बरं होतंय ते बघायचं. मी नर्स, मला कोण विचारतंय! दिवसभर नुसती धावपळ आणि जिवाला घोर.

पुनावळ्याची पुतळाबाई खिडकीकडे होती. न्यूमोनियानं छाती भरलेली, पण नव्या सुईनं जरा बरा श्वास घेऊ लागली होती. तेवढ्यात तिची सासू गवराबाई तापानं फणफणत आली. जागा उरली होती भिंतीकडेच. दुसऱ्या दिवशी मी कामावर येऊन बघते तर सासू खिडकीत, सून भिंतीशी! रात्रपाळीच्या नर्सनं खाट बघून सुया टोचलेल्या.

"अगं बये, हे काय केलंस?" मी ओरडलेच.

"आत्याबाई कोंदट जागी आन् मी वाऱ्याला?" पुतळा धापा टाकत म्हणाली. "बरं दिसतं का ते?"

मी डॉक्टरांना गाठलं. ते म्हणाले, "नव्या सुया मोजून आणल्यात. खाटेप्रमाणेच जातील, नाहीतर सगळं संशोधन पाण्यात."

माझं डोकंच फिरलं. "खाटेला न्यूमोनिया झालाय का, डॉक्टर?"

"मग एक सुई दोघींना कशी पुरवू? सांगा ना!" ते उलट म्हणाले.

दुपारपर्यंत पुतळाचे ओठ निळे पडले. मी तिच्या खाटेपासून दारापर्यंत येरझाऱ्या घालत होते. ती जागा बदलायला तयार नव्हती. काय करू, सुचेना. गवराबाईनं सगळं ऐकलं होतं. ती उठली, सुनेच्या खाटेशी आली.

"ऊठ. तुझ्या जागी जा."

"न्हाई, आत्याबाई. तुमी..."

"सासू कोन हाय? मी का तू?" गवराबाई कडाडली. "मला उतार हाय आता. ऊठ म्हनते ना!"

सासूचा शब्द मोडायची पुतळाची काय बिशाद! आम्ही दोघींनी तिला धरून खिडकीकडे निजवलं. डॉक्टर क्षणभर घुटमळले. मग त्यांनी नवी सुई भरली आणि पुतळाच्या दंडात टोचली.

गवराबाई भिंतीकडे वळून पडली होती. मी पांघरूण घालायला गेले आणि तिच्या कपाळाला हात लागला. चटकन मागे घेतला मी तो. कपाळ तव्यासारखं तापलं होतं.

"गप बसा, बाई," ती पुटपुटली. "तिला कळू देऊ नगा."