नळीखालचा कागद

तिसरी गोळी कागदाला लागलीच नाही.

कार्लीनने दुर्बिणीतून पाहिलं, डोळे चोळले, पुन्हा पाहिलं. जुन्या दगडखाणीत शंभर यार्डांवर लावलेल्या पांढऱ्या कागदावर दोनच भोकं होती. एक वर डावीकडे, दुसरं पार खालच्या कोपऱ्यात. तिसऱ्याचा पत्ताच नव्हता. तिचा बाप, ऑरिन टॉलेफ्सरूड, शंभर यार्डांवरून कागद चुकवतो, हे तिने बेचाळीस वर्षांच्या आयुष्यात पाहिलं नव्हतं. त्याच्या तीन गोळ्या एका नाण्याखाली झाकल्या जायच्या. ते नाणंही तो खिशात घेऊनच हिंडायचा, कोणी शंका घेतलीच तर असावं म्हणून.

म्हाताऱ्याने रायफल वाळूच्या पिशव्यांवर आडवी ठेवली आणि स्वतःच्या दोन्ही हातांकडे बघत बसला.

"हात गेले बहुतेक," तो म्हणाला.

"हातांना काही झालेलं नाही," कार्लीन घाईघाईने म्हणाली.

कारण आज बुधवार होता आणि शनिवारी शिकारीचा मोसम उघडणार होता. नदीकाठच्या त्या दऱ्याखोऱ्यांत मोठा नर एल्क, म्हणजे घोड्याएवढं हरीण, मारायचा परवाना सरकार चिठ्ठ्या टाकून देतं, आणि ऑरिनच्या नावाची चिठ्ठी बावीस वर्षांनी निघाली होती. बावीस वर्षं तो आणि त्याची बायको आर्डिस स्वयंपाकघराच्या टेबलावर शेजारी शेजारी बसून अर्ज भरायचे. तीन वर्षांपूर्वी आर्डिस गेली. त्यानंतर तो एकट्याने भरत राहिला. आता वय शहात्तर. पुन्हा चिठ्ठी निघेल तेव्हा तो कुठे असेल, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

आणि अशा वेळी जावयाने प्रेमाने घात केला होता. मर्ल हा धान्याच्या कोठारावर काम करणारा, मनाने लोण्यासारखा माणूस, पण संध्याकाळी फोनवर बंदुकांचे व्हिडिओ बघून बघून त्याच्या डोक्यात भलतं शहाणपण शिरलं होतं. सासऱ्याच्या वाढदिवसाला त्याने चाळीस वर्षं जुनी रायफल गुपचूप नेली आणि नटवून परत आणली. अक्रोडाचा दस्ता काढून काळा, पिसासारखा हलका दस्ता. नवा चाप. नवी, मनगटाएवढी जाड दुर्बीण. नळीच्या तोंडाला धक्का कमी करणारी छिद्रांची टोपी. म्हाताऱ्याने भेटीवरचा कागद सोडला तेव्हा त्याचा चेहरा असा झाला होता, की जणू घोड्याला कोणी टोपरं घातलंय. तरी तो "छान आहे रे पोरा" म्हणाला होता.

"मर्ल," कार्लीन खाणीच्या कडेला उभ्या असलेल्या नवऱ्याकडे न बघता म्हणाली, "आता तू इथून हलायचं नाहीस. तू जे जे लावलंस ते एकेक करून उतरवायचं. एका वेळी एकच. दोन बदल एकदम केले की कळत नाही काय बिघडलं होतं ते."

"मला माहितीये."

"माहीत असतं तर आपण इथे नसतो."

आधी तिने स्वतः तीन बार काढले. तिच्याही गोळ्या ताटभर पसरल्या. म्हणजे बापाचे हात शाबूत होते. ऑरिनने एवढा मोठा श्वास सोडला, की मर्लला हसू आलं आणि त्याने ते लगेच गिळलं.

मग शोध सुरू झाला. दुर्बीण बसवायच्या पट्टीचा एक स्क्रू लांब निघाला. तो आत पोचून नुसतं घट्ट झाल्याचं सोंग करत होता, पट्टी मात्र हलत होती. तो बदलला. ताटाचं बशीवर आलं. नळीवरची टोपी काढली. बशी थोडी लहान झाली. जुनी दुर्बीण चढवली, काही फरक नाही. जुना चाप बसवला, तरी नाही. काडतुसं बदलली. प्रत्येक तीन बारांनंतर नळी गार व्हायला वीस मिनिटं थांबायचं, थर्मासमधली कॉफी प्यायची, एकमेकांशी बोलायचं नाही. वारा थंडगार होता आणि कॉफी त्याहून थंड झाली होती.

बशीएवढं इथे, म्हणजे तीनशे यार्डांवर परातीएवढं. एवढ्या फरकाने जनावर जागच्या जागी मरत नाही, पोटात गोळी घेऊन दोन दिवस झाडीत तडफडतं. असा बार ऑरिनने कधी टाकला नव्हता आणि टाकणारही नव्हता.

"माझी रायफल घेऊन जा ना," मर्ल म्हणाला. "नाण्यात मारते."

"तुझी रायफल तुझी आहे. मी गेलो तर हीच घेऊन जाणार."

शेवटी उरला दस्ता. मर्लने गाडीतून जुना अक्रोडी दस्ता आणला, सोबत जुन्या स्क्रूंचा कॉफीचा डबाही. त्याने नळी बसवली, दोन्ही स्क्रू मोजून मापून आवळले. आता रायफल होती तशी झाली होती. एकही नवी वस्तू अंगावर नाही. कार्लीनला खात्री होती, की आता सगळं सुटणार.

ऑरिनने तीन बार काढले.

बशी.

कार्लीन दुर्बिणीतून बघतच राहिली. जी रायफल चाळीस वर्षं नाण्यात मारत होती, तीच लाकडासकट, चापासकट, जशीच्या तशी परत जोडली, आणि मारत नाही? हे कसं होईल?

"मर्ल," म्हातारा हळूच म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. "दस्ता काढलास तेव्हा आतून साफ केला होतास?"

"एकदम चकाचक!" मर्ल अभिमानाने म्हणाला. "तेल लावून पुसून घेतला. का?"

ऑरिनचा चेहरा पांढरा पडला. तो उठला आणि रायफल खोळीत घालायला लागला. "नळी झिजली असेल. संपली. जाऊ दे. मी जात नाही."

"बाबा!"

"जात नाही म्हटलं ना. बावीस वर्षं गेलो नाही तर काय बिघडलं?"

कार्लीनच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला राग आला होता, मर्लचा, त्या काळ्या दस्त्याचा, आणि सगळ्यात जास्त बापाच्या त्या पडलेल्या खांद्यांचा. आणि नेमका तेव्हाच मर्लने कपाळावर हात मारला.

"अरे, थांबा! पुढच्या टोकाला, नळीखाली, एक घडी केलेला कागद होता. मला वाटलं कचरा आहे. हल्ली सगळे म्हणतात नळी लाकडाला कुठेही टेकता कामा नये. पण तोच तर आधार असणार! जुने लोक असंच करायचे ना? मी फेकला नाहीये, इथेच आहे." तो कॉफीच्या डब्यात बोटं घालून खुळखुळवू लागला.

"राहू दे तो," ऑरिन म्हणाला.

"अहो, हाच तर..."

"मर्ल, राहू दे म्हणतो ना!"

पण मर्लने तो पिवळा, जाड, चार घड्यांचा कागद काढला होता आणि सहज उलगडलाही होता. त्याने तो बायकोच्या हातात दिला आणि गाडीकडे जाऊन उभा राहिला.

तो शिकारीचा टॅग होता. साल एकोणीसशे सत्त्याऐंशी. नाव ऑरिन टॉलेफ्सरूड. जनावर पडलं की तिथल्या तिथे टॅगवर छापलेल्यांतून त्या दिवसाची तारीख आणि महिना चाकूने कापायचे आणि टॅग शिंगाला बांधायचा, हे या भागात शेंबडं पोरही जाणतं. या टॅगवरची एकही तारीख कापलेली नव्हती.

सत्त्याऐंशी. घरी पुढच्या खोलीतल्या भिंतीवर ज्याचं डोकं टांगलंय, तो नर सत्त्याऐंशीचा. कार्लीन त्याच्या काचेच्या डोळ्यांखाली वाढली होती, त्याच्या शिंगांवर नाताळचे दिवे लावले होते. दरवर्षी मोसमाच्या आधी चर्चच्या तळघरात शिकाऱ्यांची न्याहारी व्हायची आणि दरवर्षी सगळे ऑरिनला तीच गोष्ट सांगायला लावायचे. बर्फ भुरभुरतंय, वारा डावीकडून, तो एका गुडघ्यावर, दोनशे ऐंशी यार्ड. आणि तळघरातल्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून, पॅनकेक उलटता उलटता, आर्डिस ओरडायची, "तीनशे दहा!" सगळं तळघर हसायचं. "ऑरिन, बायको काय मोजपट्टी घेऊन मागून आली होती का?"

"बाबा," कार्लीन म्हणाली. "तो नर टॅगशिवाय मारला होता? चोरून?"

"नाही!" म्हातारा ताडकन म्हणाला. "टॅग होता. व्यवस्थित कापून, शिंगाला बांधून." आणि मग खाली बघून, "तुझ्या आईचा."

कार्लीन मागे सरकून गाडीच्या फळीवर बसली.

"मी बार काढायला गेलो आणि हात लटपटायला लागले," ऑरिन सांगत होता, कागदाकडे बघत. "अडतीस वर्षांचा गडी, आणि एवढा नर समोर बघून चळाचळा कापत होतो. तिने माझ्या हातातून रायफल घेतली. एक बार. संध्याकाळी हॉटेलात सगळ्यांनी माझीच पाठ थोपटली. कोणीतरी बिअर पाजली. मी नाही म्हणालो नाही. तिच्याकडे बघितलं, तर ती नुसती हसली. मग दुसऱ्या दिवशी खरं सांगायला उशीर झाला होता. मग आणखी उशीर."

"आणि हा इथे?"

"त्या हिवाळ्यात दस्त्याचं लाकूड आकसलं, गोळ्या भटकायला लागल्या. नळीखाली द्यायला जाड कागद शोधत होतो. तिने खणातून हा काढून दिला. म्हणाली, हा त्या दिवशी काही कामाला आला नाही, निदान इथे तरी येऊ दे." तो हसायला गेला आणि ते हसू त्याला जमलं नाही. "त्या दिवसापासून रायफल नाण्यात मारायला लागली."

कार्लीनने आईला डोळ्यांसमोर आणलं. पिठाने माखलेलं एप्रन, हातात उलथनं, आणि ती खणखणीत हाक. सगळे हसायचे. ती स्वतः सगळ्यात मोठ्याने हसायची. एवढी वर्षं एक बाई खरं तेच ओरडून सांगत होती आणि आपण टाळ्या पिटत होतो, हे तिला सहन होईना.

तिने टॅग स्वतःच्या कोटाच्या आतल्या खिशात ठेवला आणि बटण लावलं. मग गाडीच्या कप्प्यातून पत्त्यांचा जोड काढला, चौकटची दुर्री बाजूला घेतली आणि टॅगच्या जाडीएवढ्या घड्या घातल्या. मर्लने काही न विचारता स्क्रू सैल केले. तिने तो पत्ता नळीखाली, पुढच्या टोकाला, कागदाचा जुना डाग होता तिथेच सरकवला.

"मारा," तिने रायफल बापापुढे ठेवली.

ऑरिनने मारले. एक. दोन. तीन. मर्ल लगबगीने चालत गेला आणि कागद घेऊन आला. तिन्ही भोकं एकमेकांना चिकटलेली होती. त्याने खिशातून नाणं काढून वर ठेवलं. भोकं झाकली गेली. मर्लच्या तोंडून "वा!" निघता निघता राहिलं, कारण बापलेक कागदाकडे बघतच नव्हते.

"शनिवारी पहाटे न्याहारी आहे," कार्लीन म्हणाली. "सगळे तुम्हाला गोष्ट सांगायला लावतील."

"हो."

"किती यार्डांवर होता तो?"

म्हाताऱ्याने टोपी काढली. वाऱ्याने त्याचे चार पांढरे केस उभे राहिले.

"तीनशे दहा," तो म्हणाला.