श्यामरावांच्या मोटारीचा टप

मी टप बोलतोय. मोटारीचा टप. मोटार नव्हे. मोटारीला बोलायला हॉर्न आहे, आणि तो ती गरज नसताना वाजवते. मी तिच्या डोक्यावरचं छप्पर. लोखंडी कांबी, त्यावर जाड कापड, मागे प्लॅस्टिकची खिडकी. पुढे ओढलं की मी गाडी झाकतो, मागे ढकललं की घडी होऊन मागच्या सीटच्या पाठीशी पडून राहतो.

शाळा मी बाहेरूनच पाहिली. तीसुद्धा गेटासमोर गाडी लावली म्हणून वॉचमनने हाकललं तेवढा वेळ. तेव्हा माझ्या चुका काढायच्या असतील तर रांगेत उभे राहा. पुण्यात ती रांग मोठी आहे.

माझा जन्म कुठल्याशा थंड देशातला. तिथे म्हणे ऊन पडलं की लोक आनंदाने टप उघडतात. इथे ऊन पडलं की लोक झाड शोधतात. मला इकडे पाठवणाऱ्याला अक्कल नव्हती, एवढं त्यावरून कळतं.

पहिला मालक कोरेगाव पार्कातला, कॉम्प्युटरवाला. त्या वर्षांत पुण्यात या लोकांचं उखळ असं पांढरं झालं होतं की काय घेऊ आणि काय नको असं त्यांना व्हायचं. यानं मला घेतलं. कॉलेजावरून जाताना मला उघडायचा आणि पुढच्या चौकात उतरून परत लावायचा, का तर धुळीने केस खराब होतात. मग तो अमेरिकेला गेला. जाताना गाडी येरवड्याच्या बाबुरावांकडे सोडून गेला.

बाबुराव जुन्या गाड्या विकायचे. त्यांनी मला उघडाच ठेवला आणि विसरले. कबुतरं विसरली नाहीत. माझ्या घड्यांत त्यांचे दोन संसार झाले. माझे सांधे धरले ते तिथेच.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी कोथरूडहून चार माणसं आली. म्हातारा-म्हातारी रिक्षाने, मुलगा-सून मोटरसायकलवरून. बाबुराव पेपर वाचत होते. मान वर न करता म्हणाले, "घ्यायचीय का नुसती बघायचीय?"

म्हातारा म्हणाला, "बसायचंय."

"म्हणजे?"

"आमच्या हिला एकेका गाडीत बसवून बघायचंय. ओकली नाही, तर घेऊ."

बाबुरावांनी पेपर खाली ठेवला.

हे श्यामराव. सरकारी कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झालेले. पस्तीस वर्षं स्कूटर चालवली, आणि पस्तीस वर्षं मंदाकिनीबाई तिच्या मागच्या सीटवर एका बाजूला पाय सोडून बसल्या. बंद गाडी त्यांना लागते. एसटीचा नुसता वास आला तरी पोट ढवळतं. स्कूटरवर मात्र कधी काही नाही. महिन्यातून एकदा दोघं स्कूटरवरून भोरला जायची. तिथे मंदाकिनीबाईंची थोरली बहीण शालन. विधवा, मूलबाळ नाही, एकटीच.

मग श्यामरावांचे गुडघे गेले आणि स्कूटर सुटली. त्याच सुमारास शालनबाई अंगणात पडल्या. खुब्याचं हाड मोडलं, आत खिळा बसवला, पाय वाकेनासा झाला. दोघी बहिणी सव्वा वर्ष भेटल्या नव्हत्या. रिक्षाने जावं, तर कोथरूडचा रिक्षावाला डेक्कनला यायला कुरकुरतो, तो भोरला कशाला येतोय? मुलाच्या मोटरसायकलवर मंदाकिनीबाई एकदा बसल्या, त्यानंतर आठ दिवस कंबर धरून होत्या. फोन होता. पण शालनबाईंना ऐकू कमी येतं. ओरडून ओरडून माणूस मनातलं काय बोलणार? सोसायटीतल्या सगळ्यांना शालनबाईंच्या बद्धकोष्ठाची मात्र खडान्‌खडा माहिती होती.

आता शेजारची गोदाबाई, जी त्यांना दोन वेळा डबा द्यायची, ती संक्रांतीनंतर कायमची लेकाकडे बार्शीला निघाली होती. त्याआधी शालनबाईंना पुण्याला आणायचं, हे मंदाकिनीबाईंनी ठरवलं होतं. त्यासाठी मोटार.

बाबुरावांनी एकेक बंद गाडी काढली. पहिलीत मंदाकिनीबाई फाटकापर्यंत टिकल्या. दुसरीत पुलापर्यंत. तिसरीत तर अजून किल्लीही फिरवली नव्हती. आत ते वासाचं काहीतरी टांगलं होतं, तेवढ्यानेच काम झालं.

बाबुराव म्हणाले, "काकू, हे मनाचे खेळ असतात."

मंदाकिनीबाई तोंड पुसत म्हणाल्या, "असतील. पण बाहेर पडतं ते पोटातलं."

चौथी गाडी काढेपर्यंत त्या दमून कुठेतरी टेकायला बघत होत्या. कोपऱ्यात आम्ही. त्या आत शिरल्या आणि मागच्या सीटवर बसल्या. कशा? एका बाजूला तोंड करून, पाय आडवे, पदर खोचलेला, एक हात पुढच्या सीटच्या खांद्यावर. त्या आम्हाला स्कूटरच समजल्या.

"हीच चालवून दाखवा," त्या म्हणाल्या.

मुलगा सलिल, हिंजवडीला कंपनीत. तो म्हणाला, "आई, अगं ही फॅमिली कार नाहीये. दोनच दारं आहेत. ऑफिसात हसतील मला."

श्यामराव म्हणाले, "तुला हसायला त्यांना मोटार कशाला लागतेय? बाबुराव, किल्ली घ्या."

शिवाजीनगरपर्यंत जाऊन आम्ही परत आलो. गर्दी, धूर, खड्डे, एक बस अंगावर आलेली. मंदाकिनीबाई उतरल्या. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत उभे. सुनेनं, म्हणजे ऋचाने, पिशवी उघडून धरलेली.

मंदाकिनीबाई म्हणाल्या, "इथे जवळपास भेळ कुठे मिळते?"

झालं. गाडी ठरली.

मला आनंद व्हायला हवा होता. पण नीट बघा तुम्ही. मला घेतलं ते मी आडवा पडून राहतो म्हणून. माझी गरज नाही हाच माझा गुण. बाबुरावांनी सांगायचा प्रयत्न केला, "टप जरा कडक झालाय, तेल घालून चालू करून देतो." श्यामराव म्हणाले, "तो आम्हाला लागणार नाही." असं तोंडावर सांगितलेलं कुणाला आवडतं?

सोसायटीत पहिल्याच दिवशी चेअरमन खाली उतरले. "वा श्यामराव! या वयात उघडी गाडी?"

"बायकोच्या पोटासाठी घेतली."

"नाही, चांगलीच आहे. आमच्या सुदर्शनच्या वरातीला मिळेल ना?"

"नवरामुलगा ओकणारा आहे का?"

"छे छे!"

"मग त्याला बंद गाडी चालेल."

त्यानंतर वरातीसाठी कोणी विचारलं नाही. पाठीमागे बोलायचे. म्हाताऱ्याला चळ लागलाय, मुलाचा पगार दाखवायचाय, असं. ही माणसं जेमतेम तीन मजले चढून घरी पोचतात, पण दुसऱ्याच्या मोटारीपर्यंत त्यांचं लक्ष सहज पोचतं.

आणि या चौघांचं ध्यान सांगू का? स्कूटरवर वाढलेली माणसं ती. ऋचा डोळे सोडून सगळं तोंड ओढणीने बांधायची, सलिल जाकीट उलटं घालायचा, श्यामराव कानटोपी. चारचाकीतून चालले होते, पण दिसायचे दोन स्कुटरी सुतळीने एकत्र बांधल्यासारखे.

भोरला जायचं मात्र लांबत होतं. श्यामरावांना चारचाकी येत नव्हती, आणि सलिलचं दर रविवारी 'रिलीज' असायचं. काय सोडतात हे लोक आणि कुठे सोडतात, मला अजून कळलेलं नाही. जानेवारी उजाडला. संक्रांत आठवड्यावर आली. मंदाकिनीबाई शांतपणे म्हणाल्या, "सलिल, तू काम कर हो. मी बाबुरावांना फोन करते. ते नेतील मला. परकी माणसं नाही म्हणत नाहीत."

दुसऱ्या दिवशी सकाळी चौघांना घेऊन आम्ही कात्रजच्या पलीकडे होतो.

शालनबाई ओसरीवर खुर्चीत बसल्या होत्या. आम्ही अगदी पायरीशी जाऊन थांबलो. त्यांनी बहिणीकडे पाहिलं, मग आमच्याकडे.

"टांगा आणलास होय गं? घोडा कुठाय?"

"ताई, किती फुगलीस!"

"आणि तू वाळलीस, मंदे."

सव्वा वर्षाने भेटलेल्या सख्ख्या बहिणी या. गोदाबाई कारण नसताना चहा ढवळत राहिली.

जेवणं झाली आणि मंदाकिनीबाईंनी विषय काढला. शालनबाई सरळ नाही म्हणाल्या. "दवाखान्यातून मला आडवी घालून आणली. मोटारीत वाकून शिरता येत नाही मला. आता या घरातून जाईन ती आडवीच. चौघं बघून ठेव."

मंदाकिनीबाईंचा चेहरा उतरला. मी मागे आडवाच पडलेलो, मी काय बोलणार? पण सलिल ओसरीवरून आमच्याकडे बघत बसला होता. मग उठला.

"मावशी, वाकायला कशाला हवं? हिला वर काही नाहीच. वरून ठेवतो तुला."

शेजारचे दोघे आले. खुर्चीसकट उचललं, पुढची सीट पाडली, बगलेत धरलं, आणि शालनबाईंना वरून सरळ मागच्या सीटवर उतरवलं. गणपती मखरात बसवतात तसं. सगळी गल्ली ओट्यावर येऊन बघत होती. शालनबाई ओरडत होत्या, "सावकाश रे मुडद्यांनो, ज्वारीचं पोतं नाही मी!" पण खाली टेकल्यावर त्यांनी पदर सारखा केला आणि गल्लीकडे असं पाहिलं, जसं काही रोजच जातात.

इथवर माझा मान होता. मी नव्हतो म्हणून सगळं झालं होतं.

कापूरहोळला हायवेवर आलो आणि शालनबाईंना खोकला लागला. दमा त्यांना पहिल्यापासून. थंडी, वरून हायवेचा वारा. ऋचाने स्वतःची ओढणी दिली, श्यामरावांनी कानटोपी दिली. खोकला थांबेना. ओठ निळे पडायला लागले. सलिलने गाडी बाजूला घेतली.

टप लावला तर एक बहीण आजारी, न लावला तर दुसरी. शालनबाई धापा टाकत म्हणाल्या, "मला परत सोडा. सांगितलं होतं मी."

"लावा टप," मंदाकिनीबाई म्हणाल्या.

श्यामराव म्हणाले, "अगं, अजून चाळीस किलोमीटर आहे."

"मी अंतर विचारलंय का? लावा म्हणते ना!"

आता खरं सांगतो, माझी मलाच खात्री नव्हती. सांधे गंजलेले, घड्यांत कबुतरांची काटकी. सलिलने ओढलं, मी हललो नाही. श्यामरावांनी शालनबाईंच्या पिशवीतली खोबरेलाची बाटली काढली आणि माझ्या सांध्यांवर ओतली. माझ्या जन्मात मला कोणी तेल लावलं नव्हतं. दोघांनी दोन बाजूंनी ओढलं. मी कुरकुरलो, मग चरचर करत पुढे आलो आणि काचेला जाऊन टेकलो. बाहेरचा आवाज बंद झाला. माझ्याखाली पाच डोकी होती, त्यांतली दोन बहिणींची, एक पांढरं, एक मेंदीने लाल झालेलं. कुणाच्या तरी डोक्यावर असणं काय असतं ते मला त्या दिवशी कळलं.

खोकला हळूहळू बसला. मंदाकिनीबाई शिवापूरला ओकल्या.

"काय झालं गं?" शालनबाई.

"ओकतेय!"

"काय?"

"ओकतेय मी! तुझ्यापायी!"

"हां. ओक, ओक. लहानपणी जत्रेत पाळण्यात ओकली होतीस. माझ्या नव्या परकरावर."

"अजून काढ ते!"

"काढणारच. परकर जरीचा होता."

त्या कात्रजला परत ओकल्या. वारज्याला तिसऱ्यांदा, तेव्हा पोटात काही उरलंही नव्हतं. ऋचा तोंड फिरवून पिशवी धरत होती, आणि तिचंच तोंड पिवळं पडलेलं. पण शालनबाईंचा हात मंदाकिनीबाईंच्या पाठीवरून फिरत होता तो कोथरूड येईपर्यंत थांबला नाही. सोसायटीत आल्यावर मला उघडला, मावशींना वरून काढून घरातल्या खुर्चीत बसवलं. चेअरमन गॅलरीतून बघत होते. या वेळी खाली उतरले, आणि खुर्चीचा एक पाय धरला.

याला सहा वर्षं झाली. शालनबाई कोथरूडलाच आहेत आणि ठणठणीत आहेत, म्हणजे दिवसभर भांडतात. दर रविवारी दोघींना मंडईत जायचं असतं. भाजी कोपऱ्यावर मिळते, पण ती यांना चालत नाही. पहिले काही महिने गाडीत नुसती मारामारी. एक म्हणायची उघडा, दुसरी म्हणायची लावा. कर्वे रस्त्यावर मला चार-चारदा वर-खाली केलं. मग त्यांचं त्यांनीच ठरवलं. जाताना मी उघडा, शालनबाई शाल गुंडाळून खोकणार. येताना मी बंद, मंदाकिनीबाई पिशवी घेऊन बसणार. सहा वर्षांत एकदाही कोणी लबाडी केली नाही. मी बघतो ना, कुणाचा जीव वर-खाली होतोय ते.

आता माझं कापड दोन ठिकाणी फाटलंय. मागची खिडकी धुरकट झालीय, सांधे परत बोलायला लागलेत. सलिलला बढती मिळालीय आणि त्याने मोठी बंद गाडी बघून ठेवलीय, आत गारवा करणारी. दिवाळीनंतर आम्हाला परत येरवड्याला सोडायचं म्हणतो. मी कुणाच्या पाया पडणार नाही. माझा तो स्वभाव नाही. फक्त एवढंच सांगतो, मोटार घ्यायला जाल तेव्हा घरातलं सगळ्यात त्रासाचं माणूस बरोबर न्या. धडधाकट माणसं कशातही बसतात.

परवा सलिल मावशीला त्या गाडीचं चित्र दाखवत होता. "मावशी, यात वारा लागणार नाही. तुला खोकायला नको. अगदी आरामात."

शालनबाईंनी चष्मा लावून चित्र बघितलं आणि परत केलं.

"मंदी ओकणार आणि मी आरामात बसून बघणार होय? नको रे बाबा. तो टप शिवून आण."