उभी खांड

मशीनचा आवाज एकदम मऊ झाला आणि बोअरमधून धुरळ्याऐवजी पाणी उसळलं. बाया हसल्या. माझा पुतण्या धम्मदीप भिजतच उभा राहिला. बोअर आमच्या बौद्धवाडीच्या विहिरीला लागून मारायची, हा आग्रह त्याचा. विहिरीला पाणी आहे, मग शेजारीही लागणारच, असं तो म्हणाला आणि साऱ्या वाडीला ते पटलं. मलाही पटलं.

मी ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि थुंकलो.

"खारं हाय."

"आप्पा, भुकटीची चव असेल," धम्मदीप म्हणाला. मग त्याने स्वतः चाखलं आणि तोही थुंकला.

मशीनवाला सदा तळा गावचा. त्याने मशीन थांबवली. "काळ्या कातळात भेग लागली. खाडीपर्यंत गेली असणार. अजून खाली जाऊ? कधीकधी गोडं लागतं."

"आणि न्हाय लागलं तर?" धम्मदीपची बायको केसर म्हणाली. "दारात मिठागर काढू?"

आमची विहीर उथळ. वर जांभा, त्याखाली लोण्यासारखी पांढरी माती. पावसाचं पाणी जांभ्यातून झिरपतं आणि त्या मातीवर थांबतं. तेच आम्ही पितो. वाडीला दुसरी विहीर नाही. वडिलांच्या वेळच्या माणसांनी ती खणली, तेव्हा पांढरी माती दिसताच पहार ठेवून दिली होती. आम्ही ती माती आज आरपार फोडली होती.

आणि खाडीला भरती लागली होती. मी दोरीला दगड बांधून बोअरमध्ये सोडला. थोड्या वेळाने पुन्हा सोडला. या खेपेला दोरी जास्त भिजून आली.

"भरतीबरोबर चढतंय," सदा म्हणाला. "पांढऱ्या मातीच्या वर आलं, की विहिरीत शिरेल."

"तू पाइप घातलायस ना?" धम्मदीपने विचारलं.

"घातलाय, पण पाइपाच्या बाहेरून फट राहते. खोटं कशाला बोलू?"

"म्हसळ्याहून सिमेंट आणतो."

"तू येशील तवर भरती पुरी होईल," मी म्हणालो. "ही खांडच हाय. उभी खांड. तळापासून बुजवू, म्हंजे पाणी फटीपर्यंत चढणार न्हाय. चिखल आणा."

खाडीचं पाणी अडवणाऱ्या खारबांधाला भरतीने भगदाड पाडलं, की त्याला आम्ही खांड म्हणतो. ती बुजवायला आमच्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. खाडीकाठचा चिकट चिखल पाट्यांतून आला. बाया मळायला बसल्या, गोळे हातोहात बोअरपर्यंत येऊ लागले. पहिले गोळे आत गेले आणि मी दगड सोडला. तो वरच अडकला.

केसरने हातातला गोळा फोडून पाहिला. आत पेंढा होता. बांधावर पेंढ्याशिवाय चिखल धरत नाही, म्हणून सवयीने सगळ्यांनीच तो मळला होता. अरुंद बोअरमध्ये त्याचा बोळा बसला होता आणि खाली पाणी चढतच होतं.

"मशीनचा दांडा घाल," धम्मदीप सदाला म्हणाला.

"दांडा रुतला तर मशीन इथंच राहील. मी घरी काय सांगू?"

सदाने विहिरीकडे पाहिलं. केसरची घागर अजून कठड्यावर होती.

"हातोडा लावणार नाही," तो म्हणाला. "नुसता दाबतो. सरका मागे."

दांडा टेकला. मशीन कण्हली, एका अंगाला उचलली गेली. सदाने दांडा थोडा वर घेतला, पुन्हा टेकवला. मग तो खचकन खाली गेला आणि बोळा घेऊन तळाला बसला.

त्यानंतरचे गोळे बिनपेंढ्याचे होते. वरच्या भागात आम्ही बोअरमधून निघालेली पांढरी माती भरली आणि सदाने ती दाबून घट्ट केली. भरती पुरी झाली तेव्हा बोअरच्या तोंडाशी कोरडी माती होती. पण विहिरीचं काय झालं, ते कळत नव्हतं. तोंडात दिवसभराचा खारटपणा. जिभेवर कुणाचा भरवसा नव्हता.

केसरने विहिरीचं पाणी काढलं आणि तूरडाळ चुलीवर ठेवली. खाऱ्या पाण्यात डाळ शिजत नाही. सदाला पुढच्या गावी जायचं होतं, तरी तो पडवीत बसून राहिला.

"ढवळू नको सारखी," मी म्हणालो.

"तुम्ही सारखे उठून बघू नका, आप्पा."

तिने एक दाणा बोटावर घेऊन चिरडला. त्याचा लगदा झाला. तिने दुसरा घेतला, तोही चिरडला.

"शिजली," ती म्हणाली आणि तिथेच खाली बसली. मग सदाकडे वळली. "भावजी, जेवूनच जा."

धम्मदीप उंबऱ्यात उभा होता. "पुनवेला उधाण येईल," तो म्हणाला.

"तेव्हा परत शिजवू," केसर म्हणाली, आणि ताटं मांडायला उठली.