नवमीला थांबलेली शीतपेटी

शके एकोणीसशे सत्तेचाळीस, कार्तिक मास. स्थळ वर्धा जिल्ह्यातील एका वैद्यकीय महाविद्यालयाची तळमजल्यावरची प्रयोगशाळा. मित्रांनो, मी येथील एक जुनी शीतपेटी आहे.

बर्फाहूनही कितीतरी थंड राहणे आणि क्षणभरही न थांबणे, हा माझा धर्म. डॉक्टर मोनाली ही तरुण संशोधक सिंदी आणि तळेगावची घरे पालथी घाली, वारंवार हगवण लागणाऱ्या मुलांच्या शौचाचे नमुने आणी आणि बारीक नळ्यांत भरून माझ्या हवाली करी. वर्षावर्षांचे नमुने ताडून पाहिल्याशिवाय दुखण्याचे मूळ सापडणार नव्हते.

एकदा सिंदीच्या कांताबाई नातवाची डबी घेऊन स्वतःच आल्या.

"काऊन वो बाई, हे घाण इतकी जपून राह्यल्या? आमच्या घरी तं लोणचंबी साल नाई काढत."

"मावशी, तुमच्या नातवाचं पोट काऊन बिघडते, ते लोणच्यातून नाई समजत. याच्यातून समजते."

"मंग ठेवा. पण जेवणाच्या डब्याजवळ नोका ठेवू."

मोनाली किती हसली होती त्या दिवशी!

पुढे चैत्रात तिची शिष्यवृत्ती संपली. पोटासाठी तिने हिंगणघाटच्या एका दवाखान्यात नोकरी धरली. माझ्याकडे येई ती रविवारी. माझी धोक्याची घंटा बिघडली होती, आणि तिच्या दुरुस्तीची तरतूदही शिष्यवृत्तीबरोबरच गेली होती. कोणी म्हणेल, पेटी तर चालू होती, मग अडले कुठे? मी म्हणते, यंत्र चालू असणे वेगळे आणि त्याच्याकडे कोणाचे लक्ष असणे वेगळे. तरीही एक आशा उरली होती. नव्या अनुदानाचे परीक्षक दिवाळीनंतर हे नमुने पाहायला येणार होते.

त्याआधी खंडेनवमी आली. परिचर रूपराव येथे नवेच होते. त्यांचे आयुष्य कापसाच्या जिनिंग कारखान्यात गेलेले. तेथे नवमीला यंत्रे धुऊन पुजतात आणि दसरा होईपर्यंत त्यांना हात लावीत नाहीत. रूपरावांनी मला हळदकुंकू वाहिले, झेंडूची माळ घातली.

"सालभर एक घडी नाई थांबली बापडी," ते म्हणाले, "आता तुलेबी आराम भेटू दे."

आणि त्यांनी बटण बंद केले. दसऱ्याला मोनाली वडील बापूरावांबरोबर नागपूरला दीक्षाभूमीवर होती. तिसऱ्या दिवशी रूपरावांनी मला भक्तिभावाने पुन्हा सुरू केले. तोवर सारे वितळून गेले होते. मग ते तसेच गोठले, पण आतले जंतू आता पूर्वीसारखे राहिले नव्हते. घंटा मुकी होती आणि मला वाचा नव्हती.

रविवारी मोनालीने दार उघडले. तिने नळ्या उभ्या गोठवून मग आडव्या ठेवल्या होत्या; आता नमुने एका कडेला ओघळून गोठलेले दिसले. सुकलेली माळ हातात घेऊन तिने रूपरावांना विचारले, तेव्हा त्यांनी नवमीची सारी हकीकत सांगितली. रूपरावांना ती एवढेच म्हणाली, "काका, तुमाले कोणी सांगतलंच नाई नं."

मित्रांनो, यंत्राची पूजा जरूर करा. पण त्याचे मर्म जाणणारे माणूस त्याच्याजवळ राहील, याची तजवीज आधी करा. तरुण संशोधकाला वाऱ्यावर सोडून त्याची पेटी कितीही पुजली, तरी ती पूजा व्यर्थच.

आज परीक्षक आले. नळ्या आधी उभ्या गोठवल्या होत्या हे त्यांना ठाऊक नव्हते; वरून पाहता नमुने गोठलेलेच होते. मोनाली गप्प राहिली असती, तर कोणाला संशयही आला नसता. तिने सारे सांगितले. ज्येष्ठ परीक्षकांनी चष्मा काढला आणि शांतपणे म्हटले, "तुम्ही खरे बोललात. पण हे नमुने आता निरुपयोगी आहेत. या अभ्यासाला अनुदान देता येणार नाही."