स्विचपासून कॉइलपर्यंत

मित्रांनो, मी एक जुनी तांबडी गाडी आहे. उघड्या टपाची, दोनच माणसांची. शर्यतीत पळावी अशी माझी घडण. जन्म तूरीनच्या कारखान्यातला, पण आयुष्य गेलं बिएल्ला या लोकरीच्या गिरण्यांच्या गावात, एर्मान्नो बेर्तोत्तो यांच्या घरी. ते गिरणीत मोठे अधिकारी होते. दर रविवारी बायकोला, ओर्नेल्लाबाईंना शेजारी बसवून ते मला ओरोपाच्या घाटात पळवत. लोक वळून बघत. खोटं कशाला बोलू, मलाही ते आवडायचं.

माझी देखभाल सेकोंदो गारियात्सो करायचा. त्याच्यासारखा मिस्त्री गावात दुसरा नव्हता. बॉनेट उघडण्याआधी तो हात धुवायचा.

मी आठ वर्षांची असताना एर्मान्नोंनी बाजारातून एक रेडिओ आणला आणि स्वतःच बसवला. स्विचपासून कॉइलपर्यंत एक वायर जाते; तिच्यातूनच इंजिनाच्या ठिणगीला वीज मिळते. ती त्यांनी खिशातल्या चाकूनं कापली, रेडिओची तार तिला पिळली आणि वर चिकटपट्टी गुंडाळली. गाणं वाजलं, ते खूश झाले.

पुढे ती पट्टी सुटली. आतलं तांबं हिरवं पडलं, एकेक तार तुटू लागली. मग खड्ड्यात धक्का बसला की मी अचानक बंद पडायचे आणि थोड्या वेळानं आपोआप सुरू व्हायचे. सेकोंदोनं प्लग बदलले, कॉइल बदलली, कार्बुरेटर साफ केला. त्याच्या गॅरेजात मात्र मी एकदाही बंद पडले नाही.

एका शुक्रवारी तो म्हणाला, "साहेब, दोष वायरमध्ये आहे. डॅशबोर्ड काढून बघू द्या. दोन दिवस गाडी ठेवा."

"परवा पुतणीचं लग्न आहे ओरोपाला! या वयात मी बसनं जाऊ?"

"जा की. बसमध्ये कोणी चावत नाही."

"तू तुझे पाने सांभाळ," असं म्हणून एर्मान्नो मला घेऊन गेले.

रविवारी घाटातल्या वळणावर मी बंद पडले. मागून येणारा दुधाचा ट्रक माझ्यावर आदळला. ओर्नेल्लाबाईंचा पाय मोडला तो कायमचाच. बातमी कळताच सेकोंदो धावत आला, तेव्हा चार माणसांदेखत एर्मान्नो ओरडले, "शुक्रवारी हात कोणी लावला होता हिला? तूच ना? काय सैल ठेवलंस?"

सेकोंदो पुढे झाला. "साहेब, मी काय सांगितलं होतं तुम्हाला?"

"काही सांगितलं नव्हतंस."

मला सगळं ठाऊक होतं, आणि मला तोंड नव्हतं.

गिऱ्हाइकं तुटली. वर्षभरात गॅरेजला कुलूप लागलं. सेकोंदो एर्मान्नोंच्याच गिरणीत बॉयलरवर कोळसा ओढायला लागला. मला छपरीत ढकलून वर कापड टाकलं गेलं. बावीस वर्षं.

मग गावात जुन्या गाड्यांची मिरवणूक निघायची ठरली आणि एर्मान्नोंना माझी आठवण झाली. असल्या गाडीचं काम जाणणारी गावात एकच उरली होती, सेकोंदोची मुलगी इवाना. एर्मान्नोंनी तिलाच बोलावलं! ती आली. तिनंही आधी हात धुतले.

टाकी, पंप, ब्रेक सगळं करून झाल्यावर तिनं कॉइलला एक छोटा दिवा जोडला आणि स्विच फिरवला. दिवा लागला. डॅशबोर्डखाली हात घालून तिनं वायरी हलवल्या. दिवा विझला. पुन्हा हलवल्या, पुन्हा लागला. मग तिनं डॅशबोर्डच उतरवला. ओर्नेल्लाबाई काठी टेकत जवळ आल्या.

"हे पिळलेलं काय गं? तुझ्या वडिलांनी केलं?"

"बाबांनी आयुष्यात वायर अशी पिळली नाही, बाई. ही रेडिओची तार आहे."

ओर्नेल्लाबाई वळल्या. "एर्मान्नो, रेडिओ कोणी बसवला होता?"

"जुनी मढी कशाला उकरतेस?" एर्मान्नो म्हणाले.

इवानानं कडक होऊन तडकलेल्या साऱ्याच वायरी काढून टाकल्या आणि नव्या ओढल्या. पत्र्याच्या भोकात रबर बसवलं, टोकं नीट डागली. पहिल्याच झटक्यात मी सुरू झाले.

"आता सेकोंदोकडे चला," ओर्नेल्लाबाई म्हणाल्या. "आत्ता."

सेकोंदो दारात घेवडा सोलत बसला होता. कोळशाच्या धुळीनं छाती पार गेली होती. ओर्नेल्लाबाई कष्टानं खाली उतरल्या आणि त्याच्यापुढे उभ्या राहिल्या. "अपघातानंतर मी तुझ्या बायकोशी कधीच बोलले नाही, सेकोंदो. ती गेली तेव्हाही आले नाही."

त्यानं मान हलवली.

एर्मान्नो उतरलेच नाहीत. स्टिअरिंग धरून, समोर बघत म्हणाले, "गाडी मस्त चालते हं आता."

सेकोंदोला खोकला आला. तो ओसरेपर्यंत सगळे थांबले.

"इंजिन बंद करा, साहेब," तो म्हणाला. "धूर घरात येतोय."

मित्रांनो, मिरवणुकीत मला बक्षीस मिळालं, पण त्याचं मला काही वाटलं नाही. तुम्हाला एवढंच सांगते: वायर कुजली असेल तर वेळीच उघडून बघा. आणि ती तुम्हीच कापली असेल, तर त्याच दिवशी सांगा.