मागं लेकी किती?

"सातबारा कोरा करकरीत हाय साहेब, एकट्या माझ्या नावाचा. आजून काय बघून राहिले?" व्यंकटराव खुर्चीतल्या खुर्चीत चुळबुळले.

आनंदराजने मान वर केली नाही. रेकॉर्ड रूममध्ये तीस वर्षं काढून निवृत्त झालेला हा माणूस आता मुखेडच्या वकिलांसाठी जमिनींच्या मालकीचा शोध घ्यायचा. त्याची रीत उलटी. लोक आजच्या सातबाऱ्यावरून मागे जात. तो चोपन्न सालच्या खासरा पाहणीतल्या जुन्या मालकी-नोंदीपासून खाली उतरायचा आणि प्रत्येक मयतापाशी थांबून एकच प्रश्न विचारायचा. त्या प्रश्नाने भल्याभल्यांना घाम फोडला होता.

"त्र्याऐंशीला तुमचे वडील वारले. मागं लेकी किती?"

व्यंकटरावांनी पाणी मागितलं. "एक हाय. सरजाआक्का. हिमायतनगरला दिली. दर पंचमीला साडीचोळी करतो की!"

"साडीचोळीचा फेरफार होत न्हाई, व्यंकटराव."

जमीन घ्यायला आलेल्या राघवेंद्र मास्तरांनी सहीसाठी काढलेलं पेन परत खिशाला लावलं.

बहिणीने हक्क सोडला तरच व्यवहार मोकळा होणार होता. दुसऱ्या दिवशी हक्कसोडीचा कागद घेऊन आनंदराज आणि व्यंकटराव हिमायतनगरला गेले. सत्तरीची सरजाबाई अंगणात शेंगा फोडत होती. भावाचं सगळं ऐकून तिने हात झटकले.

"सोडते की. पर त्या जमिनीवर माझं नाव कुठं हाय?"

"न्हाई, आक्का," आनंदराज म्हणाला.

"मग सोडू काय? आधी नाव लावा. दिलं म्हनायला ते आधी माझं असाया पायजे."

आनंदराज हरखला. इतका स्वच्छ कायदा त्याला तीस वर्षांत कुठल्याच साहेबाने सांगितला नव्हता.

सरजाबाईचं नाव लावणारा फेरफार मंजूर व्हायला महिना गेला. मुखेडच्या रजिस्ट्री कचेरीत आनंदराजने नव्या सातबाऱ्यावर बोट ठेवून तिला नाव दाखवलं. तिने ते दोनदा वाचायला लावलं.

"आक्का, सोडलंच पायजे असं न्हाई," तो हळूच म्हणाला.

"म्हाईत हाय मला. पर भाऊ हाय त्यो." तिने हक्कसोडीच्या कागदावर अंगठा उमटवला. आनंदराजला वाईट वाटलं, आणि तिचा अभिमानही वाटला.

निघताना तिने तो सातबारा मागून घेतला.

"ह्यो आता चालनार न्हाई, आक्का."

"मला कुठं चालवायचाय?"

भावाने आणलेली साडी तिने पिशवीत टाकली. कागदाची मात्र चौघडी घालून तिने ती कमरेला खोचली.